टेकाडावरनं दुरुस्ती

कॉम्प्युटर दुरुस्त करताना माझा घसा बसला, हे सांगितलं तर खरं वाटंल काय तुम्हाला?

कुंभारवाड्यात माझं फॉर्म भरायचं दुकान हाय. त्या दिवशी कॉम्प्युटर सुरू करणारा मूळ प्रोग्राम, बायोस, अपडेट केलं आणि आतला पंखा फिरतोय, पण स्क्रीन काळी! स्कॉलरशिपचा शेवटचा दिवस, दारात पोरांच्या पाच आया बसलेल्या. मोबाईलला रेंज फक्त टेकाडावर. तिथनं रामनगरच्या मेकॅनिकला फोन लावला. तो सांगंल ते मी ओरडायचो, खाली बायको करायची.

"करंट बंद कर! मदरबोर्डवरचा गोल सेल काढ! थोडं थांबून परत बसव!"

थोड्या वेळानं खालनं बायको ओरडली, "अवो, चालू झाला! नवीन अपडेट आलंय म्हणतोय. व्हय म्हणू?"

माझ्याआधी पाची आया ओरडल्या, "न्हाई!"