महिनाभर सावली

दुसरं महायुद्ध संपून वर्ष होत आलं होतं. सांगलीतल्या एका दवाखान्याच्या ओसरीवर मनुबाई नंबराची वाट बघत बसली होती. आटपाडीकडची एक म्हातारी आणि तिची सून दगडी डॉक्टरांकडून बाहेर आल्या आणि तिच्या शेजारीच टेकल्या.

"ऐकलंस न्हवं, दगडे? महिनाभर उनात जायाचं न्हाई."

"आनि मेंढरांमागं कोन जाईल, आत्याबाई?"

"मी जाईन की."

"ह्या वयात?"

"तू पाच वर्सं गेलीस. माजा अर्जुना लढाईवर गेला तवा तुजं तोंड कसं हुतं, मी बगितलंय. आता माज्यापरीस सुरकुत्या जास्त हायेत तुला."

"पलटनीतनं सुटून आल्यावर त्ये वळखतील न्हवं मला?"

"न वळखाया काय झालं?"

"परवा हिरीच्या पान्यात वाकले, तर मलाच वाटलं, ही कोन बया?"

मनुबाईनं मान वळवली नाही.

"पैल्या उन्हाळ्यात तू रडलीवतीस. आत्याबाई, कातडं सोलून निगतंय, म्हनलीस. मी म्हनलं, उनानं कुनी मरत न्हाई."

"जाऊ द्या ते."

"न्हाई. अर्जुना आला की सांगनार हाय मी. पोरी, तुला मी करपवली."

"काय बी सांगू नगासा. उद्यापास्नं दोगी जाऊ. सकाळच्या पारी नेऊ, ऊन चढायच्या आत माघारी येऊ. डाक्तरबी उनातच जाऊ नगं म्हनला की."

"बरं. ऊठ, गाडी चुकंल. आन पदर म्होरं वड, भाईर लय ऊन हाय."

"तुमीबी वडा, आत्याबाई."

कंपाउंडरनं मनुबाईला दुसऱ्यांदा हाक मारली.