नवरीची गाडी हॉलसमोर का थांबली नाही

नाव बूशैब लमरानी, वय चौसष्ट, भूगोलाचा निवृत्त शिक्षक, राहणार सेत्तात शहर, बाजारामागे. समक्ष हजर राहून सांगतो की, माझ्यावर नवरी पळवल्याचा आरोप आहे. नवरी माझी सख्खी भाची नुझहा असून ती सध्या बाहेर बाकावर बसली आहे.

माझी गाडी डिझेलची आहे. मी ती घर ते कॅफे आणि कॅफे ते घर एवढीच चालवतो. अशाने धुराच्या नळीतल्या जाळीत काजळी साचते. फार साचली की इंजिन आपणहून जादा डिझेल फवारते आणि त्या उष्णतेने काजळी जळून जाते. तेवढा वेळ गाडी वेगात ठेवावी लागते. मेकॅनिकने बजावले होते, "मास्तर, पुढच्या वेळी स्टिअरिंगसमोरचा काजळीचा दिवा लागला की सरळ हायवे धरा. मध्ये थांबलात तर गाडी माझ्याकडे ढकलत आणाल."

आज दुपारी नुझहाला पार्लरमधून घेऊन निघालो. सोबत तिला सजवणारी झहूर होती. हॉलसमोर वरपक्ष नवरीच्या स्वागताला ढोल, खजूर आणि दूध घेऊन उभा होता. नेमका तेव्हाच दिवा लागला. मी हात हलवला आणि पुढे गेलो. विहीणबाई रकिया, म्हणजे नवरदेव अनासच्या आई, दुधाचा वाडगा घेऊन काही अंतर धावल्या, हे खरे आहे. दूध त्यांच्या कफ्तानवर सांडले, त्याला मी जबाबदार नाही.

झहूर ओरडली, "अहो मास्तर, हॉल मागे राहिला!"

मी म्हणालो, "गाडी पोटातली घाण जाळतेय. आता थांबायचं नाही."

"मग लग्न कोणाचं आहे, गाडीचं?"

नुझहा हायवेला लागल्यावर बोलली. "मामा, अनासच्या आई सगळ्यांना सांगत सुटल्यात, मी दवाखान्यातली नोकरी सोडणार म्हणून."

"आणि अनास काय म्हणतो?"

"तो म्हणतो, लग्न होऊ दे, मग बघू."



पुढे अनासचा फोन आला. नुझहाने स्पीकर लावला. तो म्हणाला, "आहेस कुठे? आई पोलिसात निघालीय!"

नुझहा म्हणाली, "गाडी थांबवता येत नाही. तोवर तू आईंना सांग, मी नोकरी सोडणार नाही. सांगितलंस की आम्ही वळतो."

"आत्ता? सगळ्यांसमोर?"

"ढोलवाल्यांना जरा थांबव."

ढोल थांबल्याचे आम्ही तिघांनी ऐकले. त्याने सांगितल्याचेही ऐकले. आवाज कापत होता, पण शब्द स्पष्ट होते. त्यावर विहीणबाई जे बोलल्या ते मी इथे देत नाही.

बर्रशीद गावाजवळून आम्ही वळलो, आणि तोवर तक्रार झाली असल्याने हॉलऐवजी सरळ इथे चौकीत आलो. येताना झहूरने नुझहाचे काजळ नव्याने घातले. आता अनास तिच्याशेजारी बाकावर बसला आहे. विहीणबाई आतल्या खोलीत तक्रार मागे घ्यायची की कसे, ते ठरवत आहेत.

दिवा कधी विझला, असे साहेबांनी विचारल्यावरून सांगतो की, तो अनासचा फोन येण्याच्या बराच आधी विझला होता. नुझहाने विचारलेही होते, "मामा, विझला का?" मी नाही म्हणालो. ती मागे मधोमध बसली होती. तिथून दिवा स्पष्ट दिसतो.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, तो बरोबर आहे. वाचताना शिपाई दोनदा हसला, ते जबाबात धरू नये.