आल्टरनेटरातली काडी

— आवं बसा वो भाऊ, उठताय कुठं? बॅटरी चार्ज होत न्हाई म्हणलं तर लगीच चपला शोधायला लागलात! जीप इकत घ्यायला आलाय, मालक तरी येऊ द्या. ह्ये नमाजाला गेलेत, येतीलच इतक्यात. उत्रोलीसनं आलात, च्या न घेता गेलात तर माज्यावर वरडतील. आन इंजन ठणठणीत हाय बरं का — आमची मेहनाज जन्मली तवापासनं ह्याच जीपवर सीटा भरून वेल्ह्याला वडाप करतात, कवा वाटंत बंद पडली न्हाई.

बॅटरी चार्ज करतो त्या आल्टरनेटरचं खरं सांगू? सांगतेच, नायतर तुमी जाल. जुना झाला, झिजला. दुकानदार म्हणला, नवा टाका मुबारकभाई. ह्ये म्हणले, नवा कशाला, मला हात हायेत की! आणला घरी, खोलला ह्या इथं ओट्यावर. बेरिंग गरम करायला माजा भाकरीचा तवा घेतला — आजून भाकरीला ग्रीसचा वास येतोय, दीर आले होते जेवायला, एका भाकरीवर उठले! तर बेरिंग बसलं. मग नवे कार्बन. त्या कार्बनच्या मागं स्प्रिंगा असतात, मेले कार्बन सारखे बाहीर उड्या मारतात. म्हणून ते आत दाबायचे, मागच्या भोकातनं काडी घालून आडकवायचे, आन झाकण बसलं की काडी वढून काढायची — मग कार्बन जागेवर टेकतात आन करंट येतो. मला म्हणले, बानो, खराट्याची काडी दे. दिली. घातली. झाकण लावलं, बोल्ट आवळले, जीपमधी चढवला, गाडी चालू केली — आन चार्जिंगचा लाल दिवा काय इझंना!

काडी काढलीच न्हवती वो! मी बॉनेटमधी वाकून बघते तर मागनं बोटभर बाहीर आलेली. पदर तोंडात कोंबून हसले मी. आन ह्ये? तितंच, नाक टेकंल एवढ्या जवळ, वायरी तपासतायत, हितं हात लाव, तितं हात लाव. दिसंना त्यांना. मग माजं हसू पार गेलं. आवं, ज्याला बोटभर काडी दिसत न्हाई, तो माणूस जीप गच्च भरून वेल्ह्याची वळणं घेतोय! चष्मा घ्या म्हणलं तर म्हणतात, चष्मेवाल्या ड्रायव्हरकडं सीटा बसत न्हाईत. परवा म्हशीला हॉर्न देत उभे राहिले. कसली म्हैस? पेंढ्याची गंजी होती ती! शेजारी मीच बसले होते.

म्हणून गप बसले. गप बसले कसली — काडीचं बाहीरचं टोक मोडून टाकलं, कुणी ह्यांना दावू नये म्हणून. अल्ला माफ करो. तवापासनं धड जेवत न्हाईत. म्हणतात, माजा हात गेला, आता जीप इकतो. हात कुठं गेलाय? बेरिंग कसं बसवलंय बघा, वाजत पन न्हाई. डोळे गेलेत, आन ते तोंडावर कसं सांगू मी? लई वाईट वाटतं, आन तुमाला हसू येतंय! तुमी जीप न्या. घरी गेलात की चिमट्यानं काडी वढा, दिवा इझतो का न्हाई बघा. पर ह्यांच्याजवळ एक शब्द काढायचा न्हाई, शपथ हाय. कळलं तर काडी काढतील आन उद्या सकाळी स्टँडवर नंबर लावतील. काय? फसवाफसवी न्हाई ही. जित्ता नवरा हवाय मला, दुसरं काय न्हाई.

— आले बघा. ऐकलंत? 'एहसान, कवा आलास रं?' म्हणतायत. आवं, हळूच सांगते, एहसान पुण्यात असतो, आमचा लेक. त्याला छातीपतुर दाढी हाय, तुमी गुळगुळीत. दारातच उभे हायेत की ह्ये, हात लांब केला तर लागंल एवढ्यावर. आता तरी पटलं न्हवं? घ्या ती चावी त्यांच्या हातातनं, आन निघा.