आवाज दिला की उठणारा

हसू नका, पण सिग्नल म्हंजे काय ते मले परवा आईनं शिकवलं. मनीषनगरच्या घरी मी ॲपची स्क्रीन बनवून राहिलो होतो. दुसऱ्या दिवशी कंपनीत दाखवायची होती, अन् बटन दाबलं तर काहीच होत नव्हतं. बाजूले बाबा पेपर वाचत होते.

आई म्हणाली, "काहून गा, डोकं धरून बसला?"

"बटन सिग्नल देते, आई. पण मी हँडलरच जोडला नाही."

"हँडलर म्हंजे?"

"बटनानं आवाज दिला की उठणारा."

"मंग कोणी उठलं नाही, तर बटन चिडत नाही?"

"नाही. एरर बी येत नाही. नुसतं आवाज देत राहते."

आईनं बाबाच्या पेपराकडे पाहिलं. "लग्नापासून मी तुह्या बाबाले 'अवो, अवो' करून राहिली, तसंच हे."

पेपरामागून बाबा म्हणाले, "काही म्हटलं काय वं?"