दाजींची गोफण

आमच्या राहुरीच्या दाजींचा नेम सांगू का? पारनेरला आमच्या ज्वारीत दाणा भरला, की पाखरं राखायचा पहिला दिवस म्हणजे सणच. पाहुणे, दोस्त, सगळी रानातल्या राखणीच्या माळ्याभोवती जमलेली अन् होले खुशाल कणसं टिपतायत. दाजी माळ्यावर चढले. "सरका! आज एक होला ठेवत न्हाई."

गोफण गरगर फिरवली अन् एक टोक सोडायचं, तर गड्यानं दोन्ही सोडली! दगड स्वतःच्याच पायावर, गोफण बाभळीवर. आम्ही हसून हसून आडवे, होले जागचे हलले न्हाईत.

आठ दिवसांनी आमच्या तात्यांनी जावयाला फोन लावला, "जावईबापू, तुमची गोफण लागू पडली बघा! होल्यानं तिच्यात घरटं केलंय. दोन अंडी हायेत, बारशाला या!"