बशीतलं समीकरण

दवाखान्यात नंबर लागायची वाट पाहून शिंपीणबाई कंटाळल्या होत्या. तेवढ्यात समोर एक आजी-आजोबा येऊन बसले. आजोबांना भुवयाच नव्हत्या. बाईंनी सुजलेला अंगठा विसरून कान टवकारले.

"समीकरण मात्र चोख जुळलं होतं," आजोबा म्हणाले.

"नातीनं वहीत जुळवायला सांगितलं होतं. बशीत नव्हे!"

"अगं, फुलबाजी इतकी लख्ख का पेटते, हे नुसतं लिहून कसं कळणार? डावीकडे मॅग्नेशियम आणि ऑक्सिजन, उजवीकडे पांढरी राख. दोन्हीकडचे अणू सारखे."

"आणि माझा पडदा?"

"तो मांडायचा राहिला."

"आईनं विणलेला पडदा होता तो!"

"होता काय, आहे म्हण. जगात काहीच नाहीसं होत नाही, नुसती जागा बदलते. आपल्याच घराच्या हवेत आहे तो."

"मग मीही जागा बदलते. भावाकडे जाते."

"असं कसं? डावीकडे आपण दोघं, उजवीकडे मी एकटा. जुळणार नाही."

"माझ्या जागी धूर मांडा."

आजोबा बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत राहिले.

"धुरानंही जुळत नाही गं."

आतून नर्सनं डोकं बाहेर काढलं. "भुवया कोणाच्या जळाल्यात?"

"आमच्या," म्हणत आजीच आधी उठल्या.