गडाच्या वाटेवर हरवलेला चष्मा

चष्म्याशिवाय मला समोरचा माणूस ओळखू येत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. चैत्रात आम्ही जळगावहून सप्तशृंगी गडावर पायी निघालो होतो. धुळ्याच्या अलीकडे लिंबाखाली माझा डोळा लागला, आणि जाग आली तर चष्मा गायब. खूप शोधला, मग तसाच सोबत्यांच्या मागे चालू लागलो. पुढचे झेंडे उन्हात विरघळत होते, झाडं आमच्याबरोबर चालत होती. भीती वाटायची आणि बरंही वाटायचं.

दुसऱ्या दिवशी ताकाच्या मंडपात एका म्हाताऱ्या अक्कांनी माझ्यापुढे पेला धरला. घ्यायला वाकलो, तर त्यांच्या नाकावर माझाच चष्मा!

"अक्का, हा माझा आहे."

त्यांनी लगेच काढून माझ्या हातात ठेवला. "रस्तावर सापडना, भाऊ. कालदिन माले बठ्ठं दिखनं. झाडवरल्या कैऱ्याबी दिखन्यात." चष्मा त्यांना रस्त्यात सापडला होता, आणि कालपासून त्यांना सगळं स्पष्ट दिसत होतं.

मी तो परत त्यांच्या डोळ्यांवर चढवला. पुढे आम्ही बरोबरच चाललो. अक्का बघायच्या आणि मला सांगायच्या.

गड समोर आला तेव्हा त्यांनी हात जोडले.

"कसा दिसतोय, अक्का?"

"थांब, भाऊ," त्या म्हणाल्या, "पहिले माले रडू दे."